हुमायूनचा मकबरा आणि सुंदर नर्सरी : सरकारी जागा, खासगी हात आणि चुन्याचे काम

सुरुवात सूरी दरबारातला सरदार इसाखान याच्या कबरीपासून करावी. दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात शिरले की उजव्या हाताला ही अष्टकोनी इमारत लागते. बहुतेक लोक मोठ्या घुमटाच्या ओढीने सरळ पुढे निघून जातात. पण या परिसरात गेल्या पाव शतकात सरकार आणि खासगी संस्था यांच्या भागीदारीतून नेमके काय केले गेले, हे सगळ्यांत स्वच्छ इथेच दिसते. कबर १५४७ सालची, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याहून जुनी. तिच्याभोवतीची बाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. काही वर्षांपूर्वी ही खोली दिसतच नव्हती, कारण मातीचे थर साचत साचत बाग बुजून गेली होती.

माती चढली की इमारतीचे दोन प्रकारे नुकसान होते. जोते झाकले गेल्याने इमारत बुटकी, बसकी दिसू लागते. हे डोळ्यांना कळते. दुसरे नुकसान हळूहळू होते. पावसाचे पाणी बाहेर जाण्याऐवजी भिंतीकडे वळते, ओल वर चढते आणि दगडातले क्षार पृष्ठभागावर येऊन त्याचे पापुद्रे सुटू लागतात. अशा वेळी भिंतीला कितीही लेप लावले तरी दुखणे मातीत असते. इथे माती उपसून बाग मूळ पातळीला आणली आणि इमारत पुन्हा तिच्या पूर्ण उंचीने उभी राहिली. वारसा म्हणजे एकटी इमारत नव्हे, तिच्याभोवतीची जमीन, पाणी आणि झाडेही त्यात येतात, हे या खोलगट बागेत दहा मिनिटे थांबले तरी पटते.

हे परीक्षण ज्या भागीदारीचे आहे, तिची मांडणी आता सांगायला हवी. मकबरा आणि इतर संरक्षित स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. शेजारची सुंदर नर्सरी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची. पलीकडच्या निजामुद्दीन वस्तीतली शाळा, दवाखाना, उद्याने महापालिकेची. या तिघांबरोबर आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि आगा खान फाउंडेशन या खासगी संस्थांनी २००७ साली करार केला. त्याआधीची पायरीही महत्त्वाची आहे. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९९७ साली मकबऱ्याच्या बागेच्या जीर्णोद्धाराचे काम ट्रस्टने राष्ट्रीय संस्कृती निधीच्या मार्गाने हाती घेतले आणि २००३ मध्ये पुरे केले. आधी बाग, मग इमारत. एका कामावर विश्वास बसला आणि मग मोठा करार झाला. थेट मोठ्या करारापासून सुरुवात करणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

बागेतले पाणी हा या कामाचा सर्वांत अवघड भाग होता आणि तो सर्वांत चांगला उतरला आहे. चारबागेतल्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या मोगल बागेतल्या, दगडी पाटांना उतार आहे तो चाळीस मीटरला एक सेंटिमीटर. म्हणजे शंभर मीटर लांबीत जेमतेम अडीच सेंटिमीटर. एवढ्या कमी उतारावर पाणी आपोआप वाहायचे तर पाटाचा प्रत्येक चिरा नेमक्या पातळीवर बसावा लागतो. एखादा चिरा एक सेंटिमीटर खचला तरी चाळीस मीटरचा उतार एका जागी संपतो. तिथे पाणी तुंबते, शेवाळ धरते, सांध्यांतून झिरपते आणि खालची माती आणखी बसते. म्हणून असे पाट नुसते धुऊन भागत नाही. तळ उकलावा लागतो, खाली चुन्याच्या काँक्रीटचा पक्का थर द्यावा लागतो आणि दगड पुन्हा पातळी लावून बसवावे लागतात. इथे तेच केले गेले. पाणी चालू असेल तेव्हा पाटात एखादे वाळलेले पान टाकून पाहा. ते न अडखळता सरकत गेले तर काम अजून शाबूत आहे असे समजावे. जिथे ते एका जागी गोल फिरत राहील तिथे दुरुस्तीची वेळ आली आहे.

बागेत पावसाचे पाणी मुरवण्यासाठी १२८ शोषखड्डेही केले आहेत. जुन्या विहिरींचा गाळ काढला आहे. शोषखड्ड्यांची एक अडचण असते आणि ती कुठेही असते. पहिल्या दोन-तीन पावसांत आलेली बारीक माती वरच्या वाळूच्या थरात बसते आणि खड्डा नुसता दिसायला उरतो. दर उन्हाळ्यात वरचा थर काढून, धुऊन परत घालणे हाच उपाय आहे. भागीदारीचा खरा कस अशा बिनदिखाऊ कामांत लागतो. उद्घाटनाचा फोटो कारंज्याचा येतो, शोषखड्ड्याचा कोणी काढत नाही.

एक उणीव इथेच नोंदवायला हवी. चारबागेत आज मुख्यतः हिरवळ आहे. मोगल बाग ही मुळात फळझाडांची, सावलीची आणि सुवासाची जागा होती. सपाट हिरवळीची सवय इंग्रजांच्या काळातली. जीर्णोद्धारात आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, मोगरा अशी झाडे लावली गेली हे चांगले झाले, पण हिरवळीचे प्रमाण पाहता ते पुरेसे वाटत नाही. मे-जूनमध्ये दुपारी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालून पाहिले की झाडांची कमतरता अंगावर येते. हिरवळीला पाणीही जास्त लागते.

आता मकबरा. पर्यटकांना जिथे जाता येत नाही त्या गच्चीवर सर्वांत मोठे काम झाले आहे. विसाव्या शतकात गळती थांबवण्यासाठी तिथे वेळोवेळी सिमेंट काँक्रीटचे थर ओतले गेले होते. ते सगळे हातांनी फोडून काढले तेव्हा त्यांचे वजन दहा लाख किलोंहून अधिक भरले. दहा टनी ट्रकच्या शंभर खेपा होतील एवढा भार त्या इमारतीच्या डोक्यावर होता.

सिमेंट इथे का चालत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण हीच चूक गावोगावच्या देवळांत आणि वाड्यांत आजही होते. चुन्यातली भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटचा थर कडक आणि घट्ट असतो, तो ओल सोडत नाही. उन्हाने दगड, चुना आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते आणि आतच अडकते. मग गळतीवर उपाय म्हणून आणखी एक थर. प्रत्येक थराने गच्चीचा मूळ उतार बुजतो, पन्हळींची तोंडे थराखाली दबतात आणि पाणी साठू लागते. गळती थांबवण्याच्या प्रयत्नातूनच गळती वाढते. इथे सगळे थर काढून चुन्याच्या काँक्रीटने पुन्हा उतार दिला गेला.

चुन्याला वेळ लागतो, आणि सगळे आर्थिक गणित या वेळेभोवती फिरते. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवत ठेवावा लागतो. जेवढा जास्त मुरेल तेवढा लोण्यासारखा होतो. घाईने वापरला तर न विरलेले खडे गिलाव्यात राहतात, महिन्याभराने ओल लागून फुगतात आणि पृष्ठभागावर फोड येतात. नंतर वाळू किंवा सुरखी, म्हणजे विटेची पूड, घालून तो मळायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद, अंड्याचा पांढरा बलक अशी पारंपरिक द्रव्ये पडतात. ती चिकटपणा वाढवतात आणि चुना फार भराभर सुकू देत नाहीत. गिलाव्याचा थर बोटभर जाडीच्या आत ठेवायचा. जाड थर दिला तर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. दिल्लीच्या उन्हात आणि लू सुटली असताना हे काम काढलेच तर ओले गोणपाट लटकवून भिंत ओलसर राखावी लागते. कडाक्याच्या थंडीतही चुना नीट घट्ट होत नाही. म्हणजे वर्षातले खरे सोयीचे महिने मोजकेच.

मकबऱ्यावर पाथरवट, गवंडी, गिलाव्याचे कारागीर यांचे मिळून दोन लाख मनुष्यदिवस लागले. हे काम २०१३ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे साहाय्य होते. खर्चाचा मोठा हिस्सा साहित्यावर नाही, हातांवर गेला. वारसा-संवर्धनाच्या अंदाजपत्रकात मजुरीचा आकडा छोटा आणि साहित्याचा मोठा दिसला तर समजावे की कागदावर चुना लिहिला असला तरी प्रत्यक्षात सिमेंट येणार आहे.

गच्चीवरच्या छत्र्यांवरील, म्हणजे खांबांवरच्या छोट्या घुमट्यांवरील, निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशा खालूनही दिसतात. त्यांच्याबद्दल जाणकारांत दुमत आहे. जुन्या फरशांची कला दिल्लीत लुप्त झाली होती. उझबेकिस्तानातल्या कारागिरांच्या मदतीने निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांना ती शिकवली गेली आणि गळून पडलेल्या फरशांच्या जागी नव्या बसवल्या. एक नियम काटेकोर पाळला गेला. मूळ फरशी काढायची नाही, तिची झिलई उडाली असली तरीही. त्यामुळे जवळून पाहिल्यास फिकट झालेल्या मूळ फरशा आणि चकचकीत नव्या शेजारी शेजारी दिसतात. काहींच्या मते जे गेले ते गेले, रिकाम्या जागा तशाच ठेवायला हव्या होत्या. हा आक्षेप युरोपातल्या भग्नावशेषांना जास्त लागू पडतो. जिथे हात अजून जिवंत आहेत आणि मूळ नमुना समोर आहे, तिथे कारागिराला त्याचे काम करू देणे योग्यच. मे २०१४ च्या वादळात घुमटावरचा कळस कोसळला, तेव्हाही हेच धोरण ठेवले गेले. लाकडी गाभा, त्यावर तांब्याचे घट, त्यांना सोन्याचा मुलामा असा कळस २०१६ मध्ये पुन्हा चढला.

याच धोरणाचे अधिक संयमी रूप रहीमच्या मकबऱ्यात आहे. अब्दुर्रहीम खानखाना, ज्याचे दोहे आपण शाळेच्या हिंदीत पाठ केले, त्याने हा मकबरा १५९८ च्या सुमारास पत्नीसाठी बांधला. पुढे त्याचा संगमरवर सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी उखडून नेला गेला. इंटरग्लोब फाउंडेशनच्या साहाय्याने २०२० मध्ये पूर्ण झालेल्या कामात घुमटाला पुन्हा संपूर्ण संगमरवर चढवला नाही. फक्त खालच्या भागात तो बसवला, म्हणजे मूळ रूपाची कल्पना यावी आणि लुटीची खूणही राहावी. हे स्थळ मकबऱ्याच्या आवाराबाहेर, मथुरा रोडवर, वेगळ्या तिकिटाचे आहे. त्यामुळे मुख्य आवारातली गर्दी इथवर पोचत नाही. वेळ काढून जावेच.

वस्तीतला चौसष्ट खांबा हा संगमरवरी मकबरा तिसरा नमुना. इथे दोष दगडात नव्हता, दगड जोडणाऱ्या लोखंडात होता. संगमरवरी चिरे आतल्या लोखंडी खुंट्यांनी सांधलेले होते. पाणी झिरपून लोखंड गंजले. गंजलेले लोखंड फुगते आणि संगमरवर आतून फोडते. बाहेरून तडा दिसतो तेव्हा तो भरून काढावासा वाटतो, पण खुंटी तशीच राहिली तर भरलेला तडा पुन्हा फुटतो. म्हणून पंचवीस लहान घुमटांचे चिरे उकलून दुरुस्त करावे लागले. त्यासाठी जर्मनीच्या सरकारने साहाय्य दिले.

तीन इमारती, तीन वेगळे दाते. तरी तिन्ही ठिकाणी सांध्याची जाडी, दगडाची घडाई आणि चुन्याचा पोत एका हाताचा वाटतो. या भागीदारीचे यश आमच्या मते इथे आहे. पैसा अनेकांकडून आला, पण पाहणी करणारे, नमुना करून दाखवणारे आणि कारागिरांवर देखरेख ठेवणारे पथक वर्षानुवर्षे एकच राहिले. मालकी सरकारकडेच राहिली आणि कामाला मंजुरीही पुरातत्त्व खात्याचीच लागली. दात्याला एका इमारतीचे श्रेय मिळाले, पण तिचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही.

याच्या तुलनेत २०१७ मध्ये आलेली केंद्र सरकारची स्मारक दत्तक योजना वेगळ्या जातीची आहे. तिच्यात कंपनीने स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, फलक, प्रकाशयोजना, अपंगांसाठी उतार अशा सोयी पुरवायच्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, तीही मुख्यतः सोयींचीच. लाल किल्ल्यासाठी २०१८ मध्ये पाच वर्षांचा २५ कोटींचा करार झाला तेव्हा 'किल्ला विकला' अशी ओरड झाली, ती चुकीची होती. पण अशा करारातून पडझड थांबेल ही अपेक्षाही तितकीच चुकीची. सोयींच्या कामासाठी पाच वर्षे पुरतात. बाग आणि चुना यांना पुरत नाहीत.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायच्या, पैशाचीही हीच अडचण. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते आणि राष्ट्रीय वारशाचे जतन त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसते. पण पैसा आर्थिक वर्षाच्या हिशेबाने येतो. चालू प्रकल्प म्हणून दाखवला तरी सुरुवातीचे वर्ष सोडून तीनच वर्षे मिळतात. मार्चअखेर खर्च दाखवायच्या घाईत चुना मुरण्याआधी भिंतीवर चढतो. असा निधी घ्यायचा तर पहिल्या वर्षात मोजणी, त्रिमितीय लेसर आरेखन, चुन्याचे हौद आणि छोट्या भागावरचे नमुनाकाम एवढेच ठेवावे आणि मुख्य काम दुसऱ्या वर्षाच्या अनुकूल हंगामात धरावे. देखभालीची रक्कम मूळ करारातच वेगळी बांधून ठेवावी.

सुंदर नर्सरी हा भाग साध्या पर्यटकाला सर्वांत आवडतो, आणि का ते कळते. ९० एकरांचा हा परिसर फेब्रुवारी २०१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. आराखडा भूदृश्यरचनाकार मोहम्मद शाहीर यांचा. नव्या दिल्लीच्या उभारणीवेळी इथे झाडांची रोपवाटिका होती. आता तीनशेच्या आसपास जातींची झाडे आणि पंधरा स्मारके एकाच बागेत आहेत. दिल्लीच्या भूमीचे चार प्रकार, कोही म्हणजे डोंगराळ, खादर म्हणजे नदीकाठचा, बांगर म्हणजे गाळाचा आणि डाबर म्हणजे दलदलीचा, त्यांच्या त्यांच्या झाडांसह इथे छोट्या रूपात उभे केले आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तेवढ्यासाठी अर्धा दिवस ठेवावा. सुंदर बुर्जाच्या आत शिरून मान वर करायला विसरू नये. छतावरचे चुन्यातले नक्षीकाम मोठ्या मकबऱ्यातल्या कोणत्याही छताच्या तोडीचे आहे.

नर्सरीची अडचण तिच्या लोकप्रियतेतून आली आहे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी हिरवळीवर चटया अंथरायला जागा उरत नाही. सतत तुडवली गेलेली माती दाबली जाते, पाणी मुरत नाही आणि जुन्या झाडांच्या मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही, चार-पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. हिरवळीचे पट्टे आळीपाळीने दोरी लावून बंद ठेवणे आणि मोठ्या झाडांच्या घेराखाली बसू न देणे, एवढे व्यवस्थापनाने कठोरपणे करायला हवे. जायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जा.

दोन आवारांच्या मधल्या जागेत जुलै २०२४ मध्ये खुले झालेले संग्रहालय जमिनीखाली आहे. बारवेत उतरावे तसे त्यात उतरावे लागते. मकबऱ्याच्या पुढ्यात नवी उंच इमारत न उभारण्याचा हा निर्णय फार शहाणपणाचा. उन्हाळ्यात दुपारचे दोन तास इथे घालवावेत.

आता कडांबद्दल. ही भागीदारी कुंपणाच्या आत उत्तम चालते आणि कुंपणापाशी अडखळते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी मकबऱ्याच्या आवाराला लागून असलेल्या एका दर्ग्यातले बांधकाम कोसळून माणसे दगावली. ते बांधकाम संरक्षित स्मारकाचा भाग नव्हते आणि मकबऱ्याला धक्का लागला नाही, हे खरे. पण एका बाजूला दोन लाख मनुष्यदिवसांचे काम आणि भिंतीपलीकडे डोक्यावर पडेल असे छत, हे अंतर कुणालाही अस्वस्थ करील. प्राचीन स्मारके कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत परवानगी लागते. बंदीच्या पट्ट्यात घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी हवी. निजामुद्दीनसारख्या दाट वस्तीत एवढ्या अंतरात शेकडो घरे येतात. कागदपत्रांच्या कटकटीमुळे लोक दुरुस्ती टाळतात किंवा रात्रीतून सिमेंटने उरकतात. वस्तीत शाळा सुधारली, दवाखाना सुधारला, बायकांचे गट उभे राहिले, हे या प्रकल्पाचे मोठे काम आहे. २००८ मध्ये निजामुद्दीन बावडीची, म्हणजे तिथल्या बारवेची, भिंत कोसळल्यावर तिचा गाळ उपसून ती पुन्हा बांधली गेली, आणि बावडीवर राहणाऱ्या कुटुंबांना दुसरीकडे घरे दिल्यावरच पुढचे काम झाले. तशीच मदतीची एक खिडकी बंदीच्या पट्ट्यातल्या घरमालकांसाठी हवी. अर्ज भरून देणारा, घराची पाहणी करणारा आणि चुन्याने दुरुस्ती कशी करायची ते सांगणारा माणूस तिथे रोज बसलेला असावा. पथक तयार आहे, कारागीर त्याच वस्तीत राहतात.

मकबरा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडा असतो. भारतीयांना रोखीने ४० रुपये, ऑनलाइन ३५, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सकाळी दार उघडताच इसाखानाची बाग, मग मकबरा, ऊन चढले की संग्रहालय, तिसऱ्या प्रहरी नर्सरी आणि शेवटी रहीम, असा क्रम ठेवला तर एका दिवसात सगळे होते. मकबऱ्याच्या जोत्यावरचे दगड चालताना पायांखाली नीट पाहा. हाताने घडवलेल्या चिऱ्यावर छिन्नीचे तिरके, किंचित असमान वण असतात. यंत्राने कापलेला दगड आरशासारखा सपाट असतो आणि पहिल्याच पावसात घसरडा होतो.